मातृभाषेचा रकाना : शासकीय आकडेवारी आणि संबंधितांचा सल्ला



भाषा आणि बोली यांच्यातील सीमारेषा किती धूसर असते, हे आपण मागील घटकात पाहिले. ही सीमारेषा भाषावैज्ञानिकांच्या चर्चेपुरती राहिली असती, तर तिची एवढी चिंता करण्याचे कारण नव्हते. परंतु दर दहा वर्षांनी शासनाला ती प्रत्यक्ष आखावी लागते, कारण जनगणनेत प्रत्येकाला त्याची मातृभाषा विचारली जाते आणि आलेल्या उत्तरांचे कोष्टक करावे लागते. हे कोष्टक कसे तयार होते, त्यात कोणाचे ऐकले जाते आणि कोणाचे ऐकले गेले नाही तर काय होते, हा या घटकाचा विषय आहे.

४.१ प्रस्तावना

२०११ च्या जनगणनेत मातृभाषेच्या प्रश्नाला देशभरातून १९,५६९ वेगवेगळी नावे उत्तरादाखल आली. प्रसिद्ध झालेल्या कोष्टकात मात्र १२१ भाषा आहेत. साडेएकोणीस हजार नावे एकशे एकवीसपर्यंत कशी आली, हा प्रश्न तुमच्या मनात यायला हवा. यात कोणी काही लपवले असे समजण्याचे कारण नाही. उत्तरांत एकाच भाषेची अनेक नावे असतात, एकाच नावाची अनेक लेखने असतात, कोणी गावाचे तर कोणी जातीचे नाव सांगितलेले असते. त्यांची छाननी करावीच लागते. पण छाननी म्हणजे निर्णय, आणि या कामात असे निर्णय हजारोंच्या संख्येने घ्यावे लागतात. अंतिम आकडा कागदावर छापून येतो, तेव्हा ते सगळे त्यात विरघळून गेलेले असतात.

शासकीय आकडेवारीवर आपण विश्वास का ठेवावा, या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर 'मोजणी बिनचूक असते म्हणून' असे दिले जाते. हे उत्तर अपुरे आहे. मोजणी बिनचूक असूनही प्रश्न चुकीचा असू शकतो, गट चुकीचे पडलेले असू शकतात किंवा यादीत नावच नसू शकते. या चुका मोजणाऱ्याला कार्यालयात बसून दिसत नाहीत. ज्याची मोजणी होते त्याला आणि जो तो आकडा वापरतो त्याला त्या दिसतात. म्हणून त्यांना वेळेवर, म्हणजे आकडा तयार होण्यापूर्वी, विचारणे हा विश्वासार्हतेचा भाग ठरतो.

येथे 'विश्वास' आणि 'विश्वासार्हता' या दोन शब्दांतील अंतर लक्षात घ्या. विश्वास ऐकणाऱ्याच्या मनात असतो. विश्वासार्हता सांगणाऱ्याच्या वागण्यात असते. लबाड माणसावरही लोक विश्वास ठेवतात आणि प्रामाणिक माणसावर कधी कधी ठेवत नाहीत. ब्रिटिश तत्त्वज्ञ ओनोरा ओनील यांनी हा भेद सातत्याने मांडला आहे. लोकांचा विश्वास वाढवा असे म्हणण्यापेक्षा आपण विश्वासास पात्र व्हा, असे संस्थांना सांगणे अधिक योग्य आहे, असे त्यांचे म्हणणे. ब्रिटनच्या सांख्यिकी आचारसंहितेच्या २०१८ च्या आवृत्तीत विश्वासार्हता, गुणवत्ता आणि उपयुक्तता हे तीन आधारस्तंभ मानले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने १९९४ मध्ये शासकीय सांख्यिकीची दहा मूलतत्त्वे स्वीकारली आणि २०१४ मध्ये आमसभेने त्यांना मान्यता दिली. आकडेवारी समाजाच्या उपयोगाची असावी आणि ती तयार करण्याच्या पद्धती व्यावसायिक निकषांवर ठरवाव्यात, या दोन्ही अपेक्षा त्यांत आहेत. या दोन अपेक्षांत ताण आहे. तो कोठे जाणवतो, हे पुढे दिसेल.

४.२ 'संबंधित' म्हणजे कोण?

इंग्रजीतील 'स्टेकहोल्डर' या शब्दासाठी शासकीय मराठीत 'भागधारक', 'हितधारक', 'हितसंबंधी' असे निरनिराळे शब्द वापरलेले दिसतात. 'भागधारक' म्हटले की कंपनीचे शेअर घेतलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. 'हितधारक' हिंदीच्या वाटेने आला आणि अजून मराठीच्या तोंडी रुळलेला नाही. 'हितसंबंधी' हा शब्द अर्थाने जवळचा आहे, पण मराठीत त्याला संशयाची छटा चिकटली आहे. 'यात कोणाचे तरी हितसंबंध गुंतले आहेत' असे आपण म्हणतो, तेव्हा ते कौतुकाने म्हणत नाही. या घटकात मी 'संबंधित' हा साधा शब्द वापरतो. मात्र 'हितसंबंधी'तली ती संशयाची छटा विसरू नका. तिची आपल्याला ४.६ मध्ये गरज पडणार आहे.

मातृभाषेच्या आकडेवारीत संबंधित कोण? सर्वप्रथम अर्थातच ती भाषा बोलणारे. त्यानंतर आकडा वापरणारे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५०क नुसार भाषिक अल्पसंख्य समाजातील मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावयाचा आहे. ती सोय कोठे करायची, हे ठरवणाऱ्याला कोणत्या तालुक्यात कोणती भाषा किती मुले बोलतात, हे ठाऊक असावे लागते. मेळघाटातील शाळेत कोरकू जाणणारा शिक्षक हवा की नको, हा प्रश्न शेवटी अशाच एखाद्या कोष्टकापाशी येऊन थांबतो. पाठ्यपुस्तके करणारे, आठव्या अनुसूचीत समावेशाची मागणी करणाऱ्या संघटना, संशोधक, पत्रकार हेही आकडा वापरणारेच.

आणखी एक संबंधित बहुधा विसरला जातो. तो म्हणजे दारोदार जाणारा प्रगणक. २०११ च्या जनगणनेसाठी सुमारे २७ लाख प्रगणक व पर्यवेक्षक काम करत होते आणि त्यांत प्राथमिक शिक्षकांचा वाटा मोठा होता. तुमच्यापैकी काहींनी हे काम केले असेल. कोणत्या प्रश्नावर माणसे अडखळतात, कोणता शब्द ऐकला की एकमेकांकडे पाहतात, कोणत्या रकान्यात उत्तर मावत नाही, हे प्रगणकाइतके दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसते. दिल्लीतील तज्ज्ञ समितीला जे कळायला वर्ष लागेल, ते त्याला तिसऱ्या घरी कळते. त्याला सूचना भरपूर दिल्या जातात. त्याच्याकडून सूचना घेण्याची व्यवस्था मात्र त्या मानाने क्षीण असते, असे माझे मत आहे.

४.३ उत्तरापासून कोष्टकापर्यंत

आता प्रक्रिया पाहू. जनगणनेतील मातृभाषेची व्याख्या अशी : व्यक्तीच्या बालपणी तिची आई तिच्याशी जी भाषा बोलत असे, ती तिची मातृभाषा. आई लहानपणीच वारली असेल, तर बालपणी घरात प्रामुख्याने जी भाषा बोलली जात असे ती. उत्तर मिळेल तसेच नोंदवावे, धर्मावरून किंवा राज्यावरून भाषेचा तर्क करू नये, अशी प्रगणकाला सूचना असते. ही सूचना अत्यंत शहाणपणाची आहे. भाषेचे नाव सांगण्याचा अधिकार बोलणाऱ्याचा, हे तिच्यामागील तत्त्व.

पुढील काम कोलकाता येथील भाषा विभागाकडे जाते. हा विभाग भारताच्या महानिबंधकांच्या कार्यालयाचा भाग आहे. २०११ च्या १९,५६९ नावांची छाननी होऊन १,३६९ सुसूत्र मातृभाषा निश्चित झाल्या. आणखी १,४७४ नावांचे वर्गीकरण होऊ शकले नाही. ती 'इतर' या सदरात गेली. ज्या मातृभाषांचे भाषक देशभरात मिळून १०,००० किंवा त्याहून अधिक आहेत, त्या २७० निघाल्या आणि त्यांची मांडणी १२१ भाषांखाली झाली. त्यांपैकी २२ अनुसूचीतील, ९९ अनुसूचीबाहेरील. ही आकडेवारी जून २०१८ मध्ये, म्हणजे मोजणीनंतर सात वर्षांनी, प्रसिद्ध झाली.

दहा हजारांची ही मर्यादा १९७१ पासूनची आहे. त्याआधी १९६१ च्या जनगणनेत १,६५२ मातृभाषांची नावे नोंदवली गेली होती. त्यामुळे १९६१ आणि २०११ ही कोष्टके शेजारी ठेवून 'पन्नास वर्षांत पंधराशे भाषा मेल्या' असे विधान करणे चुकीचे आहे. १,६५२ हा मातृभाषांच्या नावांचा आकडा आहे आणि १२१ हा त्यांच्या गटांचा. तरीही असे विधान वर्तमानपत्रांत अधूनमधून वाचायला मिळते. आकड्याबरोबर तो कसा झाला याची गोष्ट प्रवास करत नाही, आणि गैरसमज तेथे सुरू होतो.

दहा हजारांची रेषा पूर्णपणे सांख्यिकीय सोयीची आहे. भाषेच्या अंगाने पाहिले तर नऊ हजार लोक बोलतात ती भाषा कोणत्याच अर्थाने कमी भाषा नसते; उलट तिचाच आकडा अधिक काळजीने हवा असतो, कारण ती संपण्याचा धोका मोठा. ही रेषा आखताना भाषाभ्यासक आणि लहान भाषासमूह यांचे मत किती विचारात घ्यावे, हा प्रश्न आजही जुना झालेला नाही.

४.४ गट कोण पाडते?

छाननीपेक्षा अधिक वादाचे काम म्हणजे मातृभाषांना एखाद्या भाषेखाली घालणे. २०११ मध्ये हिंदीच्या भाषकांची संख्या ५२ कोटी ८३ लाख दिली आहे. त्यांपैकी आपली मातृभाषा 'हिंदी' असे सांगणारे ३२ कोटी २२ लाख आहेत. उरलेल्या सुमारे २० कोटी लोकांनी भोजपुरी, राजस्थानी, छत्तीसगढी अशी अन्य नावे सांगितली होती. भोजपुरीच ५ कोटी ५ लाखांवर आहे. दोन्ही आकडे प्रसिद्ध झालेले आहेत, याचे श्रेय जनगणना कार्यालयाला द्यायला हवे. कोष्टकाच्या पोटात शिरले की सगळे दिसते. मात्र भाषणांत आणि मथळ्यांत जातो तो वरचा आकडा.

महाराष्ट्रातील वाचकाला अधिक जवळचे उदाहरण लमाणी किंवा लंबाडीचे. तांड्यावर तिला गोरबोली, गोरमाटी म्हणतात. २०११ च्या कोष्टकात तिचे ३२ लाख ७६ हजार भाषक हिंदीखाली मोजलेले आहेत. राजस्थानी बोलींशी असलेले तिचे नाते पाहता या वर्गीकरणाला काही आधार देता येईल. पण यवतमाळ किंवा वाशीम जिल्ह्यातील तांड्यावर जाऊन 'तुम्ही हिंदी बोलता ना?' असे विचारले, तर आजीबाई तुमच्याकडे पाहतच राहतील. तांड्यावरील पहिलीच्या मुलासाठी मराठी शाळा परकी, आणि हिंदी शाळा काढली तर तीही परकीच. कोष्टकातला गट वाचून धोरण आखणाऱ्याला हे कळायला मार्ग नाही.

मालवणीचे नेमके उलटे आहे. ती कोकणीखाली मोजली जाते. भाषावैज्ञानिक दृष्टीने त्याची कारणे आहेत. परंतु सिंधुदुर्गातील बहुतेक मालवणी माणसे 'मातृभाषा?' या प्रश्नाला सरळ 'मराठी' असे उत्तर देतात. ती 'मालवणी' म्हणाली तर कोकणीच्या संख्येत जातात, 'मराठी' म्हणाली तर मराठीच्या. म्हणजे एकाच घरातील दोन भाऊ एकच बोली बोलत असूनही कोष्टकात दोन भाषांचे भाषक होऊ शकतात.

अहिराणीचे आकडे मला यांहून बोलके वाटतात. खानदेशी या स्वतंत्र भाषेखाली १९९१ मध्ये ९ लाख ७४ हजार, २००१ मध्ये २० लाख ७५ हजार आणि २०११ मध्ये १८ लाख ६० हजार भाषक नोंदले गेले. दहा वर्षांत भाषक दुप्पट होतात आणि पुढील दहा वर्षांत दोन लाखांनी घटतात, हे जन्ममृत्यूने घडत नाही. धुळे, नंदुरबार, जळगावकडील माणूस 'आमची बोली अहिराणी, भाषा मराठी' असे सहज म्हणतो आणि त्यात त्याला विसंगती वाटत नाही. मातृभाषेचा रकाना मात्र एकच असतो. त्या रकान्यात कोणता शब्द पडेल हे उत्तर देणाऱ्याच्या मनावर, प्रगणकाने प्रश्न कसा विचारला त्यावर आणि भोवतीच्या वातावरणावर अवलंबून राहते. (संस्कृतचेही तसेच : १९८१ मध्ये ६,१०६, १९९१ मध्ये ४९,७३६, २००१ मध्ये १४,१३५ आणि २०११ मध्ये २४,८२१. अशी भरती-ओहोटी बालकांच्या पाळण्याशी संबंधित नसते, हे सांगायला नको.)

मैथिली पूर्वी हिंदीखाली होती. २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीने ती आठव्या अनुसूचीत आली आणि २००१ च्या कोष्टकात स्वतंत्र भाषा म्हणून दाखवली गेली. १९९१ मध्ये तिचे भाषक सुमारे ७७ लाख ६७ हजार होते. २००१ मध्ये १ कोटी २१ लाख ७९ हजार झाले. मैथिलीचे व्याकरण दहा वर्षांत बदलले नव्हते. बदलला तो शासनाचा निर्णय, आणि त्याच काळात आपल्या भाषेचे नाव सांगणाऱ्यांची संख्याही वाढली.

या सर्व उदाहरणांत भाषा विभागातील अभ्यासकांनी चूक केली, असा निष्कर्ष काढू नका. जॉर्ज ग्रिअर्सन यांनीही खानदेशीला मराठीच्या खंडात न घेता भिल्ली भाषांबरोबर नवव्या खंडात ठेवले होते आणि त्या निर्णयावरही मतभेद आहेत. गट पाडायचे म्हटले की कोणाला तरी ते खटकणारच. सल्ल्याचे मोल येथे वेगळे आहे. तांड्यावरील शिक्षकाला, मालवणी लेखकाला, अहिराणीच्या कार्यकर्त्याला आधी विचारले, तर कदाचित गट तोच राहील, पण कोष्टकाखालची टीप बदलेल. 'हे वर्गीकरण व्युत्पत्तीच्या आधारे आहे. परस्पर आकलनाच्या आधारे नाही' एवढी एक ओळ शाळेसाठी आकडा वापरणाऱ्याला पुरेशी सावध करील.

कृती १ : तुमच्या घरी तीन पिढ्यांत बोलल्या जाणाऱ्या भाषेची वा बोलीची जी जी नावे आहेत, ती लिहा. घरातले तिला काय म्हणतात, शेजारचे काय म्हणतात आणि शाळेच्या दाखल्यावर काय लिहिले आहे, याची तुलना करा.

४.५ प्रश्नाची भाषा

आतापर्यंत आपण उत्तरांचे काय होते ते पाहिले. परंतु गफलत त्याआधीच, प्रश्नाच्या वाक्यरचनेत होऊ शकते. याचे अलीकडील आणि उत्तम नोंदवलेले उदाहरण इंग्लंड व वेल्समधील आहे. ते परदेशातील असले तरी भाषेच्या विद्यार्थ्याला फार उपयोगाचे आहे.

तेथील २०२१ च्या जनगणनेत १६ वर्षांवरील व्यक्तींना लिंगभावविषयक एक ऐच्छिक प्रश्न प्रथमच विचारला गेला. त्याचा आशय असा : जन्माच्या वेळी नोंदलेले तुमचे लिंग आणि तुम्ही स्वतःला ज्या लिंगाचे मानता ते, ही दोन्ही एकच आहेत का? मूळ इंग्रजी वाक्यात कर्त्याच्या पोटात एक उपवाक्य आहे आणि त्याला दुसऱ्या पदबंधाशी ताडून 'होय' किंवा 'नाही' म्हणायचे आहे. इंग्रजी ज्याच्या अंगवळणी पडली आहे त्याला हे जमते. सगळ्यांना जमेलच असे नाही. २ लाख ६२ हजार व्यक्तींनी 'नाही' असे उत्तर दिले. आश्चर्य असे की या उत्तरांचे प्रमाण लंडनमधील न्यूहॅम आणि ब्रेंट या भागांत सर्वाधिक निघाले. या दोन्ही भागांत अन्य देशांतून आलेल्या कुटुंबांची वस्ती मोठी आहे. इंग्रजी फारशी न येणाऱ्यांत 'नाही' म्हणणाऱ्यांचे प्रमाण अधिक दिसले. त्यांपैकी अनेकांना प्रश्नच नीट कळला नसावा, अशी रास्त शंका अभ्यासकांनी घेतली.

प्रश्न तयार करताना चाचण्या झाल्या होत्या आणि सल्लामसलतही झाली होती. तरीही आकडे बाहेर पडल्यावर ही शंका उभी राहिली, कारण ज्यांच्या दृष्टीने वाक्य अवघड होते ते या विषयाचे 'संबंधित' म्हणून कोणाच्या मनात सहजासहजी येत नाहीत. पुढे जे घडले ते विश्वासार्हतेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. सांख्यिकी कार्यालयाने शंका झटकून टाकली नाही. नियामक संस्थेने तपासणी केली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये, कार्यालयाच्याच विनंतीवरून, या आकड्यांचा प्रमाणित दर्जा काढून घेऊन त्यांना 'विकसित होत असलेली आकडेवारी' असा दर्जा दिला गेला. स्कॉटलंडने २०२२ च्या आपल्या जनगणनेत याच विषयावर अधिक सरळ प्रश्न विचारला होता : तुम्ही स्वतःला ट्रान्स मानता का, किंवा तसा तुमचा पूर्वेतिहास आहे का?

आपल्याकडे 'मातृभाषा' या शब्दाचेच पाहा. शब्द सोपा वाटतो, पण त्यात 'भाषा' हे पद आहे. 'बोली' बोलणाऱ्याला लहानपणापासून सांगितले गेलेले असते की त्याचे बोलणे म्हणजे भाषा नव्हे. अशा माणसाला 'तुमची मातृभाषा कोणती?' असे विचारले, तर तो शाळेत शिकलेल्या भाषेचे नाव सांगतो. 'लहानपणी आई तुमच्याशी कशात बोलायची?' असे विचारले, तर उत्तर वेगळे येऊ शकते. व्याख्या दुसऱ्या प्रश्नाची आहे. रकान्याच्या शीर्षकात मात्र पहिला प्रश्न आहे.

४.६ यादी, सल्ला आणि दबाव

प्रश्न सोपा असूनही उत्तरे सांभाळता आली नाहीत, तर काय होते? २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातविषयक गणनेचे उदाहरण महाराष्ट्राशी थेट निगडित आहे. इतर मागासवर्गीयांची माहिती मिळावी म्हणून महाराष्ट्र शासनाने सर्वोच्च न्यायालयात मागणी केली, तेव्हा सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने प्रतिज्ञापत्राद्वारे सांगितले की १९३१ च्या जनगणनेत ४,१४७ जाती होत्या, तर २०११ च्या या गणनेत ४६ लाखांहून अधिक नावे आली. एकट्या महाराष्ट्रात ४,२८,६७७ नावे. राज्यात प्रत्यक्ष सूचीबद्ध जाती ४९४. म्हणून ही माहिती वापरण्याजोगी नाही, असे सरकारचे म्हणणे होते.

भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा आकडा पाहून धक्का बसू नये. जात, पोटजात, कूळ, आडनाव, व्यवसाय यांची नावे मोकळ्या जागेत, निरनिराळ्या लेखनांत लिहिली गेली की असेच होणार. एकाच नावाची दहा लेखने म्हणजे संगणकाच्या दृष्टीने दहा जाती. याला उपाय मोजणीनंतर सापडत नाही, आधी करावा लागतो. प्रत्येक जिल्ह्यात कोणती नावे चालतात, कोणती एकाच समाजाची पर्यायी नावे आहेत, कोणती सारखी दिसली तरी वेगळ्या समाजांची आहेत, हे त्या त्या समाजातील जाणत्यांना, मानववंशशास्त्राच्या अभ्यासकांना आणि स्थानिक कर्मचाऱ्यांना विचारून यादी करावी लागते. त्यांचा सल्ला न घेण्याची किंमत या प्रकरणात एका अख्ख्या गणनेएवढी झाली.

आता सल्ल्याची दुसरी बाजू. 'हितसंबंधी' या शब्दातील जी छटा मी लक्षात ठेवायला सांगितली होती, ती येथे उपयोगी पडेल. १९५१ च्या जनगणनेच्या वेळी पंजाबात भाषिक राज्याचा प्रश्न पेटलेला होता. घरी पंजाबी बोलणाऱ्या हिंदू कुटुंबांनी मातृभाषा हिंदी नोंदवावी, असा प्रचार झाला. त्याला विरोध करणारा प्रतिप्रचारही झाला. उत्तरे इतकी राजकीय झाली की पंजाब व त्याच्या आसपासच्या काही प्रदेशांत हिंदी, उर्दू, हिंदुस्थानी, पंजाबी आणि पहाडी यांचे आकडे वेगळे न देता एकत्र द्यावे लागले. येथे संबंधित गप्प बसलेले नव्हते. ते फार मोठ्याने बोलत होते, आणि सांख्यिकीतज्ज्ञांकडे त्या गलबल्यातून आकडा वाचवण्याचा उपाय उरला नाही.

म्हणून संबंधितांचे ऐकणे आणि संबंधितांचे मानणे या दोन क्रिया वेगळ्या ठेवाव्या लागतात. कोणते प्रश्न विचारावेत, कोणते शब्द वापरावेत, कोणती नावे एक समजावीत, याविषयी लोकांनी सांगावे. पद्धती कोणती आणि आकडा किती, हे तज्ज्ञांनी ठरवावे. तज्ज्ञांनी एखादी सूचना नाकारली, तर कारणासह आणि सर्वांना वाचता येईल अशा ठिकाणी नाकारावी. मला विचाराल तर या साखळीतील सर्वांत दुर्मीळ दुवा हाच आहे. सूचना मागवल्याच्या जाहिराती पुष्कळ दिसतात. आलेल्या सूचनांचे काय झाले, याचा कागद क्वचित दिसतो.

दबाव केवळ समाजगटांकडून येतो असे नाही. आकडेवारीचा सर्वांत मोठा हितसंबंधी बहुतेक वेळा खुद्द शासनच असते. डॉ. सी. रंगराजन आयोगाच्या शिफारशीनुसार राष्ट्रीय सांख्यिकी आयोग स्थापन झाला आणि २००६ पासून काम करू लागला, तो सांख्यिकी व्यवस्थेला स्वतंत्र सल्ला मिळावा म्हणून. जानेवारी २०१९ मध्ये त्याच्या दोन अशासकीय सदस्यांनी राजीनामे दिले. आयोगाने मान्य केलेला रोजगारविषयक सर्वेक्षणाचा अहवाल प्रसिद्ध होत नाही, ही त्यांची एक प्रमुख तक्रार होती. तो अहवाल ३१ मे २०१९ रोजी, लोकसभा निवडणुकीनंतर, प्रसिद्ध झाला. त्यातील बेरोजगारीचा दर ६.१ टक्के होता. आकडा बदलला नाही, फक्त उशिरा आला. तरीही मधल्या चार महिन्यांत त्याच्याविषयी जो संशय निर्माण झाला, तो आकड्याच्या अचूकतेने भरून निघाला नाही.

४.७ पर्यायी नोंद आणि येणारी जनगणना

अधिकृत व्यवस्थेत आपले म्हणणे पोहोचत नाही असे वाटले, की माणसे स्वतः नोंद करू लागतात. गणेश देवी यांच्या पुढाकाराने २०१० पासून झालेले भारतीय भाषांचे लोकसर्वेक्षण हे त्याचे ठळक उदाहरण. त्यात ७८० भाषांची नोंद झाली. महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली मराठीत प्रसिद्ध झाला आहे आणि तुमच्या अभ्यासकेंद्राच्या ग्रंथालयात असेल तर तो अवश्य चाळा. भाषा बोलणाऱ्यांनी स्वतः आपल्या भाषेविषयी लिहावे, ही या सर्वेक्षणाची रीत होती. तरी ते जनगणनेची जागा घेऊ शकत नाही, कारण घरोघरी जाऊन भाषक मोजणे हे त्याचे काम नव्हते. जनगणनेने कोणाला विचारायला हवे, याची एक तयार यादी म्हणून त्याचे मोल मात्र मोठे आहे.

जून २०२५ मध्ये पुढील जनगणनेची अधिसूचना निघाली. तिचा संदर्भदिनांक, हिमाच्छादित प्रदेश वगळता, १ मार्च २०२७ आहे. ही जनगणना डिजिटल पद्धतीने होणार असून तीत जातीचीही नोंद होणार आहे. डिजिटल प्रपत्रात एक नवी गोष्ट घडू शकते. कागदावर माणूस 'गोरमाटी' म्हणाला की प्रगणक तसे लिहू शकतो. पण नाव जेथे यादीतून निवडायचे असते, तेथे यादीत नसलेले नाव उच्चारले जाऊनही नोंदले जात नाही. त्याच्या जवळचे दुसरे नाव निवडले जाते आणि ते छाननीतही सापडत नाही, कारण छाननी करायला मूळ नावच शिल्लक नसते. म्हणून अशा यादीचे काम जेवढे आधी आणि जेवढे उघडपणे होईल तेवढे बरे. जनगणनेपूर्वी आकडेवारी वापरणाऱ्यांच्या परिषदा घेण्याची पद्धत आहे. त्या परिषदांत मंत्रालये आणि विद्यापीठे असतात. तांडे आणि पाडे यांच्या वतीने बोलणारेही तेथे असायला हवेत.

उत्तर देणाऱ्याला मिळणारे संरक्षणही तुम्हाला ठाऊक असावे. १९४८ च्या जनगणना अधिनियमानुसार विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देणे बंधनकारक आहे. त्याच अधिनियमाने व्यक्तीची माहिती गोपनीय ठेवण्याची हमीही दिली आहे. एखाद्या घरात उत्तर देताना माणसे कचरत असतील, तर प्रगणकाने हे त्यांच्या भाषेत समजावून सांगणे उपयोगी ठरते.

कृती २ : तुमच्या परिसरातील पाच वेगवेगळ्या घरांतील प्रौढ व्यक्तींना आधी 'तुमची मातृभाषा कोणती?' असे विचारा. थोडा वेळ इतर बोलणे होऊ द्या आणि मग 'लहानपणी आई तुमच्याशी कशात बोलायची?' असे विचारा. दोन्ही उत्तरे त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच उच्चाराला धरून, शेजारी शेजारी लिहा. उत्तरे वेगळी आली तर कारण त्यांनाच विचारा आणि तेही लिहा. व्यक्तींची नावे लिहू नका. ही नोंद संपर्कसत्राला येताना बरोबर आणा; सर्वांच्या नोंदी एकत्र करून त्यांची किती गटांत विभागणी करता येते, आणि त्या विभागणीला उत्तर देणाऱ्यांपैकी कोणाची हरकत असेल, यावर आपण तेथे चर्चा करू.